नागरी सहकारी बँकेतील अधिकाऱ्यांना व्यावसायिक कर्जांची छाननी कशी शिकवावी?

प्रश्न : कर्जविभाग_सांगली

सर्व जाणकारांना नमस्कार. मी दक्षिण महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेत काम करतो. यंदा कर्ज विभागातील आणि शाखांमधील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आमचा आजवरचा कर्जव्यवहार मुख्यतः सोनेतारण, गृहकर्ज, वाहनकर्ज आणि स्थावर तारणावरील कर्ज असा राहिला. या कर्जांत अर्जदाराचे वेतनपत्रक किंवा विवरणपत्र, सिबिलचा अहवाल आणि तारणाचे मूल्यांकन एवढे पाहिले की बहुतेक काम भागते. आता व्यापारी आणि लघुउद्योजक यांना कॅश क्रेडिट (मंजूर मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता आणि भरता येणारे खेळत्या भांडवलाचे कर्ज) व मुदत कर्जे अधिक प्रमाणात द्यावीत असे धोरण ठरले आहे, आणि नागरी बँकेच्या एकूण कर्जांपैकी किमान निम्मी कर्जे लहान रकमेची असावीत ही रिझर्व्ह बँकेची अट पाहता ते योग्यही आहे.

अडचण प्रशिक्षणाची आहे. यापूर्वी बाहेरचे व्याख्याते बोलावून चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी), बाहेरील देणी आणि स्वतःचे भांडवल यांचे प्रमाण, डीएससीआर (वर्षाचे हप्ते व व्याज फेडण्यासाठी उपलब्ध रक्कम त्यांच्या किती पट आहे ते प्रमाण), टर्नओव्हर पद्धत (विक्रीवरून कर्जमर्यादा ठरवण्याची रीत) हे सर्व पडद्यावर दाखवून शिकवले गेले, आणि शेवटच्या चाचणीत अधिकाऱ्यांनी गुणही चांगले मिळवले. परंतु त्यानंतर आलेली मंजुरी टिपणे वाचली असता जवळजवळ प्रत्येकात 'गुणोत्तरे समाधानकारक आहेत, अर्जदार बँकेचा जुना सभासद आहे, तारण पुरेसे आहे, सबब मंजुरीस शिफारस' हाच मजकूर आढळतो. अर्जदाराचा धंदा नेमका कसा चालतो, मागितलेली रक्कम कशात गुंतणार आणि ती कोठून परत येणार, यांविषयी टिपणात काहीच नसते. किराणा मालाचा ठोक व्यापारी असो, फाउंड्री असो किंवा बेदाण्याचा व्यापारी, टिपण मात्र एकाच साच्यातले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शिकवण्याची सुरुवात गुणोत्तरांपासून करावी की अन्य कशापासून? बाहेरच्या संस्थांकडे अधिकारी पाठवणे उपयोगाचे ठरते की हे काम बँकेतच करावे? आणि अधिकारी खरोखर शिकला की नाही, हे चाचणीच्या गुणांखेरीज कशावरून ओळखावे? आमचे बरेच अधिकारी वाणिज्य पदवीधर असले तरी काउंटरवरून बढती मिळून आलेले आहेत, हेही कृपया लक्षात घ्यावे.


उत्तर : निवृत्त_बँकर_कोल्हापूर

आपण उद्धृत केलेला मजकूर मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या विभागीय कार्यालयात असताना वर्षानुवर्षे वाचला आहे, त्यामुळे हा दोष केवळ सहकारी बँकांचा आहे असे कृपया समजू नये. माझ्या मते दोष शिकवण्याच्या क्रमात आहे. धंदा समजण्याआधी गुणोत्तर हाती दिले की अधिकारी ताळेबंदातून दोन आकडे उचलतो, भागाकार करतो आणि आलेली संख्या पुस्तकातल्या संख्येशी ताडून मोकळा होतो.

पहिले काही तास केवळ पैशाच्या फेऱ्यावर खर्च करावेत, असे मी सुचवीन. रोख रक्कम मालात जाते, माल उधारीत जातो, उधारी पुन्हा रोख होते, आणि या फेऱ्याला किती दिवस लागतात ते धंद्यागणिक बदलते. हे फळ्यावर सांगून कळत नाही. आपण सांगली भागात आहात, तेव्हा बेदाण्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडवर वाळतात, तयार बेदाणा शीतगृहात जातो आणि तेथून दिवाळीपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, टप्प्याटप्प्याने विकला जातो. म्हणजे व्यापाऱ्याची खरेदी तीन-चार महिन्यांत एकवटते आणि विक्री वर्षभर पसरते. ३१ मार्चचा ताळेबंद नेमका खरेदीच्या ऐन भरात काढलेला असतो. त्या दिवशीचा साठा आणि त्या दिवशीची देणी यांवरून वर्षाचा अंदाज बांधणारा अधिकारी दरवेळी फसणार, मग त्याने कितीही गुणोत्तरे काढलेली असोत.

याच व्यापाऱ्याला टर्नओव्हर पद्धत लावून पाहायला सांगावे. नायक समितीच्या १९९२ च्या शिफारशींवरून आलेल्या या पद्धतीत अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के इतकी खेळत्या भांडवलाची गरज धरतात, त्यांपैकी ५ टक्के कर्जदाराने स्वतः घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. विक्री ३ कोटी असेल तर मर्यादा ६० लाख. प्रशिक्षणार्थी येथवर बिनचूक येतात. पुढचा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही : ही २५ टक्क्यांची संख्या आली कोठून? वर्षात पैशाचे चार फेरे होतात, म्हणजे एक फेरा तीन महिन्यांचा, हे गृहीत तिच्या मुळाशी आहे. बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा माल सहा-सात महिने शीतगृहात पडून राहतो. हंगाम संपताना त्याच्याकडे दीड कोटींचा माल असेल आणि बँकेने ६० लाखच दिले असतील, तर उरलेला पैसा तो शेतकऱ्याची बिले थकवून उभा करील किंवा चढ्या व्याजाने बाहेरून आणील, आणि दोन्ही गोष्टी आपल्या ताळेबंदात नीट दिसणार नाहीत. याउलट, किराणा मालाच्या ज्या ठोक व्यापाऱ्याचा माल तीन आठवड्यांत संपतो आणि वसुली महिन्याभरात होते, त्याला विक्रीच्या २० टक्के दिले तर गरजेपेक्षा जास्त दिले जातात. तो जादा पैसा दुकानात राहत नाही, एखाद्या बिगरशेती प्लॉटमध्ये जातो, आणि पुढे धंदा मंदावला की कॅश क्रेडिट खाते काठोकाठ भरलेले दिसते. पहिल्याला हंगामी आणि बिगरहंगामी अशा दोन मर्यादा ठरवून द्याव्या लागतात, दुसऱ्याला सूत्रापेक्षा कमी द्यावे लागते, आणि हे दोन्ही निर्णय टिपणात कारणांसह मांडता येणे म्हणजेच छाननी.

गुणोत्तरे यानंतर शिकवावीत आणि तीही त्यांच्या उगमासह. चालू गुणोत्तर १.३३ असावे, हे आपल्याकडे जणू निसर्गनियमासारखे पाठ केले जाते. १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीची, खेळत्या भांडवलासाठी बँकेने किती द्यायचे ते ठरवण्याची, दुसरी पद्धत एकदा हाताने करून घेतली, की त्यामागचे कोडे सुटते. चालू मालमत्ता १०० लाख आणि बँकेखेरीज इतर चालू देणी २० लाख असतील, तर कर्जदाराने चालू मालमत्तेच्या २५ टक्के, म्हणजे २५ लाख, दीर्घ मुदतीच्या निधीतून आणायचे आणि उरलेले ५५ लाख बँकेने द्यायचे. २० आणि ५५ मिळून चालू देणी ७५ लाख झाली, १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. कर्जदाराचा वाटा एक चतुर्थांश ठेवल्याचा तो अंकगणिती परिणाम आहे, इतकेच. रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्ये या पद्धतीची सक्ती उठवली आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले, तरी १.३३ मात्र फायलींत राहिले. अर्जदारांच्या सल्लागारांनाही ते पाठ असल्यामुळे नातेवाइकांकडून घेतलेली, मागताक्षणी परत द्यावी लागणारी रक्कम 'दीर्घ मुदतीचे असुरक्षित कर्ज' म्हणून दाखवली जाते आणि गुणोत्तर बरोबर जुळून येते.

मुदत कर्जाबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती मालकी आणि भागीदारी संस्थांत हमखास निसटते. निव्वळ नफा १८ लाख, घसारा १० लाख आणि मुदत कर्जावरील व्याज १२ लाख मिळून ४० लाख, वर्षाचे हप्ते २० लाख आणि तेच व्याज १२ लाख मिळून ३२ लाख, डीएससीआर १.२५. टिपणात 'समाधानकारक' असे लिहून अधिकारी पुढे जातो. आता त्याला भांडवल खाते उघडायला सांगा. मालकाने घरखर्च, मुलाची फी आणि विम्याचे हप्ते मिळून ९ लाखांची उचल केलेली असते, आणि ती नफा-तोटा पत्रकात कोठेच येत नाही. ४० मधून ९ गेले, राहिले ३१. हप्ते आणि व्याज ३२ लाखांचे. ज्या वर्गात हे गणित करून घेतले जाते, त्या वर्गातला अधिकारी पुढे भांडवल खाते पाहिल्याशिवाय सही करीत नाही, असा माझा अनुभव आहे.

साहित्याविषयी विचाराल तर बाहेरची तयार प्रकरणे आणू नका. आपल्याच बँकेच्या अभिलेखातून जुन्या फायली काढा, काही व्यवस्थित फिटलेल्या, काही थकलेल्या, काही नाकारलेल्या आणि नंतर दुसऱ्या बँकेत गेलेल्या. अर्जदाराची ओळख, मंजुरीचा ठराव आणि नंतर काय घडले ते सर्व झाका. प्रशिक्षणार्थ्याने केवळ त्या दिवशी उपलब्ध असलेल्या कागदांवरून टिपण लिहावे, आणि चर्चा झाल्यावरच पुढचे पान उघडावे.


उत्तर : सीए_इचलकरंजी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो, कारण स्टॉक ऑडिट (तारण मालाची तपासणी) आणि समवर्ती लेखापरीक्षण करताना अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण जेथे अपुरे पडते त्या जागा आम्हाला रोज दिसतात.

पहिली गोष्ट आकड्यांच्या उलटतपासणीची. एकाच धंद्याची विक्री आज किमान चार ठिकाणी नोंदलेली असते : ताळेबंदासोबतच्या नफा-तोटा पत्रकात, प्राप्तिकर विवरणपत्रात, जीएसटीच्या जीएसटीआर-१ व ३बी विवरणांत आणि बँक खात्यातील जमेत. हे चार आकडे शेजारी शेजारी मांडून फरकाचे स्पष्टीकरण लिहिण्याचा सराव प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून करून घ्यावा. फरक असणे हा दोष नसतो, हेही त्याच वेळी सांगावे. जीएसटीची उलाढाल कर वगळून असते आणि बँकेत येणारी रक्कम करासह असते, त्यामुळे १८ टक्के कराच्या मालावर १ कोटीच्या विक्रीमागे १ कोटी १८ लाखांची जमा येणे स्वाभाविक आहे. उलट चारही आकडे अगदी तंतोतंत जुळत असतील तर मला अधिक शंका येते. खात्यातील जमेतून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेल्या रकमा, भावाच्या संस्थेकडून सकाळी येऊन सायंकाळी परत गेलेल्या रकमा, कर्जाची जमा आणि परत आलेले धनादेश वजा केल्याशिवाय 'खात्यातील उलाढाल उत्तम आहे' असे लिहू नये. सनदी लेखापालाच्या सहीखालील यूडीआयएन (त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख) क्रमांक आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहण्यास पैसे पडत नाहीत, तरीही त्या पडताळणीची प्रत असलेली फाइल क्वचितच सापडते.

दुसरी गोष्ट मंजुरीनंतरची. बहुतेक प्रशिक्षणे मंजुरीच्या पत्रापाशी संपतात, आणि खाते बिघडते ते त्यानंतर. ड्रॉइंग पॉवरचे, म्हणजे माल आणि येणी यांच्या आधारे खात्यातून त्या वेळी जास्तीत जास्त किती उचलता येईल त्या रकमेचे, उदाहरण देतो. मर्यादा ६० लाख. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ६० लाख, येणी ४२ लाख. मार्जिन, म्हणजे कर्जदाराने स्वतः घालायचा हिस्सा, मालावर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के. शाखेतील लिपिक मालाचे ४५ लाख आणि येण्यांचे २५.२० लाख धरून ७०.२० लाखांची ड्रॉइंग पॉवर काढतो, म्हणजे संपूर्ण मर्यादा खुली. प्रत्यक्षात त्या मालापैकी २५ लाखांचा माल उधारीवर आणलेला आहे, त्याचे पैसे द्यायचे आहेत. आणि येण्यांपैकी १२ लाख ९० दिवसांपूर्वीची आहेत, जी मंजुरीच्या अटींनुसार धरता येत नाहीत. मालाचे ३५ लाखांवर २६.२५ आणि येण्यांचे ३० लाखांवर १८, मिळून ४४.२५ लाख. खाते ६० लाखांवर असेल तर ते पावणेसोळा लाखांनी जास्त उचललेले आहे, आणि संगणकावर मात्र ते नियमित दिसते. ही स्थिती सलग ९० दिवस राहिली तर खाते 'आउट ऑफ ऑर्डर', म्हणजे अनुत्पादक. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर धरून उचल देत राहणे आणि नूतनीकरण १८० दिवसांहून अधिक रखडवणे यांचाही शेवट तेथेच होतो. हे नियम अधिकाऱ्यांना परिपत्रक म्हणून ठाऊक असतात, पण त्यांचा संबंध समोरच्या स्टेटमेंटशी जोडण्याची सवय कोणी लावलेली नसते.

शेवटी पाहणीविषयी. आमच्या गावात यंत्रमागधारक दोन प्रकारचे आहेत. काहीजण स्वतः सूत विकत घेऊन कापड विकतात, आणि खर्चीवाले यंत्रमागधारक व्यापाऱ्याने दिलेल्या सुताच्या बिमांवर (सूत गुंडाळलेल्या रुळांवर) पिकाच्या, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या, दराने मजुरी घेऊन कापड विणून देतात. खर्चीवाल्याच्या शेडमध्ये लाखोंचे सूत आणि कापड दिसते, पण त्यातला सुताचा एक कोनही त्याचा नसतो. त्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ते सूत आले, तर बँक दुसऱ्याच्या मालावर कर्ज देत आहे असा त्याचा अर्थ. कागदावरची गुणोत्तरे कितीही शिकवली तरी हे कळत नाही. शेडमध्ये उभे राहून 'हे बीम कोणाचे, सायझिंगचे (सुताला खळ देण्याचे) बिल कोणाच्या नावाने येते आणि तयार कापडाचे चलन कोणाच्या नावाने फाटते?' असे विचारणाऱ्यालाच ते कळते. म्हणून प्रशिक्षणातील किमान एक दिवस कारखान्यात जावा, आणि त्या दिवशी अधिकाऱ्यांसोबत मोठे साहेब नसावेत. ते असले की कर्जदार चहापाण्यात गुंततो आणि अधिकारी प्रश्न विचारत नाहीत.


उत्तर : शाखाधिकारी_सोलापूर

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मला मूळ प्रश्नाच्या गृहीताविषयीच थोडी शंका आहे. टिपणे एकसाची असतात ती केवळ अज्ञानामुळे, असे मला वाटत नाही. शाखेतील अधिकाऱ्याला अनेकदा पुरते कळलेले असते, की अर्जदाराचा धंदा मागितलेली रक्कम पेलणार नाही. मात्र अर्ज त्याच्याकडे येण्यापूर्वी वर कोठेतरी होकार मिळालेला असतो, आणि 'गुणोत्तरे समाधानकारक' हे वाक्य त्याच्यासाठी ढालीचे काम करते, कारण त्यात तो खोटे काही लिहीत नाही आणि स्वतःचे मतही देत नाही. अशा अधिकाऱ्याला बेदाण्याचा फेरा शिकवून टिपण बदलणार नाही.

१०० कोटी आणि त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांनी संचालक मंडळाखेरीज स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमावे, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले, त्यामागेही कर्जविषयक निर्णय जाणकारांच्या हाती असावेत हाच विचार होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तेथे एका बांधकाम समूहाला दिलेले प्रचंड कर्ज वर्षानुवर्षे लपवले गेले होते, आणि ते शाखेतल्या कोणाला चालू गुणोत्तर येत नव्हते म्हणून घडले नाही. तेव्हा माझी सूचना अशी, की जुन्या फायलींचा हाच वर्ग कर्ज समितीच्या सदस्यांसाठी आणि व्यवस्थापन मंडळासाठीही घ्यावा, आणि तो अधिकाऱ्यांच्या आधी घ्यावा. टिपणात अधिकाऱ्याचे प्रतिकूल मत असेल तर ते खोडले न जाता ठरावासोबत जाईल, एवढी लेखी हमी मिळाली तरी निम्मे प्रशिक्षण आपोआप होईल.


प्रश्नकर्ता : कर्जविभाग_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाखाधिकारी साहेबांचा मुद्दा बोचरा असला तरी मला तो नाकारता येत नाही. व्यवस्थापन मंडळासाठी वेगळे सत्र घेण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. दोन शंका मात्र उरतात. ज्या अधिकाऱ्याला ताळेबंदच सहजपणे वाचता येत नाही, त्याला थेट जुनी फाइल दिली तर तो बावरणार नाही का? आणि बाहेरच्या अभ्यासक्रमांविषयी व मूल्यमापनाविषयी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?


उत्तर : प्रशिक्षण_पुणे

मी बँक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचेच काम करते, म्हणून आपल्या उरलेल्या शंकांपुरते लिहिते.

बाहेरच्या संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र सुदैवी आहे. रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय, राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था या तिन्ही पुण्यातच आहेत, आणि मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची 'सर्टिफाइड क्रेडिट प्रोफेशनल' ही परीक्षा नोकरी सांभाळून देता येते. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये व्यापारी बँकांना ज्या क्षेत्रांत प्रमाणित कर्मचारी असावेत असे सांगितले, त्यांत पतव्यवस्थापनाचा समावेश होता. नागरी बँकेनेही तोच मापदंड स्वतःला लावून घेण्यास हरकत नाही. तरीही सर्वांना पाठवू नका. प्रत्येक विभागातून एक-दोन चिकित्सक अधिकारी निवडून त्यांना पाठवा, आणि परतल्यावर आपल्याच बँकेच्या फायलींवर वर्ग घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाका. बाहेर शिकवली जाणारी प्रकरणे बहुधा मोठ्या कंपन्यांची असतात. त्यांत ताळेबंद स्वच्छ असतो, घरखर्चाची उचल नसते आणि भावाची संस्थाही नसते.

ताळेबंद वाचता न येण्याची अडचण खरी आहे, आणि ती पदवीने सुटत नाही. माझा उपाय साधा आहे. एका काल्पनिक दुकानाचे महिन्याभराचे व्यवहार द्यावेत : मालकाने इतके भांडवल घातले, इतका माल उधारीवर आणला, इतका विकला, इतकी वसुली झाली, फर्निचरसाठी कर्ज घेतले, घरखर्चाला पैसे काढले. अधिकाऱ्याने हाताने नोंदी करून महिनाअखेरीस ताळेबंद स्वतः तयार करावा. नफा झालेला असूनही रोख शिल्लक का घटली, हे ज्याने स्वतःच्या आकड्यांतून शोधले, त्याला पुढे निधीप्रवाह वेगळा शिकवावा लागत नाही. यानंतरच जुनी फाइल द्यावी, आणि पहिली फाइल किराणा दुकानाची असावी. बेदाणा, यंत्रमाग, फाउंड्री नंतर.

मूल्यमापनासाठी लेखी चाचणी मी जवळजवळ सोडून दिली आहे. त्याऐवजी टिपणाच्या नमुन्यातच एक रकाना वाढवावा : 'हे कर्ज नाकारायचे झाल्यास त्याचे सर्वांत सबळ कारण काय असेल, आणि ते असूनही शिफारस का केली आहे?' हा रकाना 'लागू नाही' असे लिहून भरता येणार नाही, असा नियम ठेवावा. अधिकाऱ्याला धंदा कळला आहे की नाही, हे त्या चार ओळींत लगेच उघड होते. दुसरे मोजमाप उशिरा हाती येते. प्रशिक्षणानंतर दिलेल्या प्रत्येक कर्जाचे टिपण वर्षभराने पुन्हा काढावे, आणि जी खाती एसएमए-१ किंवा एसएमए-२ मध्ये, म्हणजे ३० दिवसांहून अधिक थकबाकीत गेली, त्यांच्या टिपणात त्या कारणाचा उल्लेख आधी होता का ते पाहावे. उल्लेख होता आणि तरीही कर्ज दिले गेले, तर तो निर्णयाचा प्रश्न आहे, आणि तेथे शाखाधिकारी साहेबांनी वर मांडलेला मुद्दा लागू होतो. उल्लेखच नव्हता, तर प्रशिक्षणात काय राहिले ते शोधावे.


उत्तर : निवृत्त_बँकर_कोल्हापूर

मॅडमनी सुचवलेला रकाना उत्तम आहे. त्यात एक दक्षता घ्यावी लागेल. 'बाजारातील मंदी', 'स्पर्धा', 'अपुरा पाऊस' अशी कोणत्याही अर्जाला चिकटणारी कारणे काही दिवसांतच त्या रकान्यात उतरू लागतील. कारण त्याच कर्जदाराच्या कागदांतून किंवा पाहणीतून आलेले असावे आणि त्यासोबत आकडा असावा, असे सुरुवातीलाच बजावावे. 'एकूण विक्रीपैकी ६० टक्के एकाच ग्राहकाला आहे आणि त्याच्याकडील येणी गेल्या वर्षी ४५ दिवसांची होती, ती आता ८० दिवसांवर गेली आहेत' हे कारण झाले. अशा कारणावर कर्ज समितीला अट घालता येते, उदाहरणार्थ त्या एका ग्राहकाकडील येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे धरू नयेत.

तारणाविषयी मूळ प्रश्नात जे आहे, त्यावर अद्याप कोणी लिहिले नाही. सहकारी बँकांना सरफेसी कायदा (खटला न भरता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा देणारा) वापरता येतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि तेव्हापासून 'तारण भक्कम आहे, मग धंदा कशाला एवढा तपासायचा?' हा युक्तिवाद काही ठिकाणी पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. वर्गात एका जुन्या वसुली प्रकरणाची कालरेषा फळ्यावर मांडावी : मागणीची नोटीस, तिची ६० दिवसांची मुदत, जिल्हाधिकाऱ्यांकडील ताब्याचा अर्ज, कर्ज वसुली न्यायाधिकरणातील स्थगिती, पहिल्या लिलावात कोणीही न येणे, राखीव किंमत कमी करून पुन्हा लिलाव. प्रत्येक टप्प्यासमोर तारीख आणि त्या तारखेपर्यंत बँकेने संभाव्य तोट्यासाठी केलेली तरतूद लिहावी. मूल्यांकन अहवालातील किंमत आणि हाती आलेली रक्कम हे दोन आकडे तळाशी शेजारी शेजारी लिहून ती फाइल मिटवावी आणि पुढच्या अर्जाच्या छाननीकडे वळावे.